हातभर लांब

१८ मार्च १९४१

आज त्याला मारलं!

खालच्या गल्लीत नवी सून गाडीतून उतरत होती. चुडामणदादा गर्दीतून थेट तिच्यापाशी गेला. तिच्या तोंडावरचा पदर वर केला — "दखू, कशी शे!" — आणि गालाला गाल लावला. तो सगळ्यांनाच असं करतो. वासराला, पोस्टमनला, मला. आजवर लोक हसायचे. आज कोणी हसलं नाही. मी पोचले तेव्हा तो धुळीत बसून ओठाचं रक्त बोटावर घेऊन बघत होता.

शेजारच्या हिलालकाकांचा हा थोरला. माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. अंगाने चांगला थोराड. समज चार वर्षांच्या पोराची. शाळेने त्याला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

 

२० मार्च

वैशाखात भटूचं लग्न ठरलं. भटू दादाचा धाकटा भाऊ. म्हणजे येणाऱ्या सुनेचा चुडामणदादा जेठ, थोरला दीर. आमच्याकडे जेठाने भावजईचं तोंड पाहायचं नाही. तिच्या लुगड्याला बोट लागलं तरी दोघांनी आंघोळ करायची. आणि हा तर मांडवातच तिचा पदर ओढील! तिचे लोक तिला तिथूनच परत नेतील.

काका ओट्यावर म्हणाले, "याले गुरंसना कोठामा बांधसू. लगीननंतर बी तठेच."

"माणसाला बांधणार?"

"मंग तू शिकाड. बी.ए. व्हयनी ना?"

टोमणाच होता. मी म्हटलं, शिकवते. जमनाकाकी आत दाराआड उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

पुण्याला भर वर्गात मी म्हणाले होते की न शिकणारं मूल नसतं, शिकवता न येणारे असतात. टाळ्या पडल्या होत्या.

२४ मार्च

"लांब राहा" त्याला कळत नाही. लांब म्हटलं की विहिरीपर्यंत पळतो आणि तिथून ओरडतो, "आठे शे मी!"

परक्याला हात लावायचा नाही, असं सांगून पाहिलं. पण परकं कोण? कासार मामा, पोस्टमन भाऊ, भीक मागायला येते ती आजी. लहानपणापासून आम्हीच तर सांगत आलो — हा तुझा मामा, ही तुझी मावशी. परकं माणूस त्याला कोणी दाखवलंच नाही.

२७ मार्च

सुचलं! त्याचाच हात!

समोर सरळ करायचा. बोटं लागली तर एक पाऊल मागे यायचं. लागली नाहीत तर तिथेच थांबायचं. आधी निंबाच्या झाडासमोर केलं. मग म्हशीसमोर. म्हशीने बोटं चाटली. तो इतका हसला की मलाही आवरेना.

२ एप्रिल

झाडापुढे जमतं, माणसापुढे नाही. काकीने तोंडावर पदर घेतला, तर बांगड्यांच्या आवाजावरून "माय शे!" म्हणून मिठी. मी घेतला, तर पाय बघून ओळखलं. शेवटी पलीकडच्या दगूबाईला बोलावलं. ती पदर ओढून अंगणात उभी राहिली.

"लवकर कर वं माय, भाकर करपी ऱ्हायनी. मी बी मास्तरीन व्हई गऊ आते!"

त्याने हात सरळ केला. थांबला. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात त्याने पदर वर केलाच.

"हाई ते दगूबाई!"

"मंग, तुले कोन रानी वाटनी व्हती?"

सगळे हसले. काका नाही हसले.

९ एप्रिल

काकांनी नंदुरबारहून साखळी आणली. नवी. कोठ्यातल्या खांबाला अडकवून ओढून पाहिली. तो आवाज माझ्या खोलीत आला.

दादा विचारत होता, "हाई कोनासाठे?" 



१० एप्रिल

लिहू की नको?

आज पुन्हा त्याचा हात दगूबाईच्या पदराकडे गेला. मी त्याला ओढत कोठ्यात नेलं. साखळी त्याच्या मनगटाला लावली. "शिवलास तर हे!" लोखंड लागलं तसा तो किंचाळला. लहानपणी विंचू चावला तेव्हाही असा नव्हता ओरडला.

भीती घालून शिकवू नये. परीक्षेत मीच हे पानभर लिहिलं होतं. पण लग्न आलं! मी नाही घातली भीती, तर ते खरंच बांधतील. मग आयुष्यभर कोण सोडवणार?

११ एप्रिल

थांबला. आज प्रत्येक वेळी थांबला.

१७ एप्रिल

आता तो सगळ्यांसमोरच हात लांब करतो. पोस्टमन म्हणाला, "काय शेठ, रागे भरना का?" वासराजवळही जात नाही.

जमनाकाकीने मागच्या दारी गाठलं. "तापी, तो मन्हा आंगले बी हात लावत नही आते. मांडीवर डोकं ठेवत नही."

मी म्हटलं, "लग्न होऊ दे काकी. मग सांगू त्याला, आईचं वेगळं असतं." ती "हां" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

पण शिकला. शिकला ना!

३० एप्रिल

लग्न पार पडलं. मी नवरीकडे पाहिलंच नाही, सारा वेळ दादाकडे.  थोरला भाऊ म्हणून त्याला पुढे आणावंच लागलं. नवरी मीनाबाईचा पदर हनुवटीच्याही खाली. दादाने हात सरळ केला — आणि मागे सरला. तिचे काका म्हणाले, "जेठ मोठा मर्यादावाला शे!"

हिलालकाकांनी चारचौघांत मला "मास्तरीनबाई" म्हणून हाक मारली. साखळी गोऱ्ह्याला लावली.

मग मी घरी येऊन रडले. का, ते कळलं नाही.

१२ मे

मीनाबाई भिंतीवरून बोलायला लागली आहे. कोणी नसलं की पदर जरा वर करते. हसरी आहे. म्हणाली, "माहेरले सांगेल व्हतं, जेठ येडा शे, संभाळी ऱ्हाय. मी भ्येल व्हतू. पन जेठ ते मन्हाकडे दखत बी नहीत. चांगला शेतस."

मी तिला काही सांगितलं नाही.

काळजी मिटली. तरी झोपेतून दचकून उठते.

१९ मे

घरचे सगळे शेतात होते. मीनाबाई चुलीपुढे. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ मोठा झाला आणि तो लांब पदर पेटला. दादा दारातच होता. ती ओरडत त्याच्याकडेच धावली. त्याने हात लांब केला आणि मागे सरला. ती पुढे, तो मागे, थेट ओट्यापर्यंत. दगूबाईने धावत येऊन गोणपाट टाकलं. गळा आणि खांदा भाजलाय. श्वास आहे. नंदुरबारला दवाखान्यात नेलंय.

मी गेले तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा होता. हात तसाच सरळ. घामाने निथळत होता.

"तापी, मन्हा हात लागना नही. मले बांधू नको."

मी त्याला जवळ घ्यायला गेले. त्याची बोटं माझ्या खांद्याला लागली. तसा तो भिंतीभिंतीने एक पाऊल सरकला.