सेकंड शिफ्टला आहेत

६ फेब्रुवारी २०११

आज गाडी बाहेर काढली. जूननंतर पहिल्यांदाच.

मुकुंदवाडीतून निघाले तेव्हाच जड वाटत होती. म्हटलं, इतके महिने एका जागी उभी आहे, अंग आखडलं असेल. जालना रोडला लागले तर स्टिअरिंग सारखं डावीकडं ओढायला लागलं. मी उजवीकडं धरून ठेवायची, ती डावीकडं जायची. क्रांती चौकात सिग्नलला थांबले — जळका वास. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "मॅडम, चाक में से धुआँ आ रा." बाजूला घेतली. बोनेट उघडून बघितलं, जसं काही मला त्यातलं कळतं. मग आत बसून राहिले, चाक थंड होईपर्यंत. परत येताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपोआप थांबायची, कुणी मागून धरल्यासारखी.

नाना ओट्यावर बसले होते. गाडी फाटकातून आत येतानाच उठले. डाव्या चाकाशी उकिडवे बसले. हात लावला नाही, नुसता जवळ नेला.

"ब्रेक धरून बसलाय," म्हणाले. "पाय काढला तरी सोडत नाय."

मग वर बघून — "बन्सी आला का? त्याला म्हणावं, अशी चालवू नको. डिस्क जळंल."

"सेकंड शिफ्टला आहेत," मी म्हणाले.

"बरं."

७ फेब्रुवारी

लक्ष्मीअक्काचा, नानांच्या थोरल्या लेकीचा, पैठणहून फोन. गाडीचं काय झालं विचारत होत्या. सांगितलं, ब्रेक जाम आहे.

"मग करून घे लवकर. गाडी नीट झाली की आम्ही येतो न्यायला."

न्यायला म्हणजे नानांना न्यायला. दिवाळीत दाजी जीप घेऊन आले होते तर नानांनी दाराची चौकट धरली ती सोडलीच नाही. ही कुणाची गाडी, मी नाय बसणार. आपली झेन तेवढी त्यांना ओळखू येते. म्हणून झेनमधूनच न्यायचं, आणि गाडीही तिकडंच ठेवायची, असं अक्कांनी ठरवलं. मी हो म्हटलं.

हो म्हटलं, कारण दुसरं काय म्हणू? मी पतसंस्थेत दहा ते सहा. मागच्या महिन्यात नाना स्टेशनवर जाऊन बसले, बाकावर, भर उन्हात. बन्सी येणार म्हणून. त्याच आठवड्यात गॅस चालू ठेवून ओट्यावर येऊन बसले. फहमिदाला वास आला म्हणून निभावलं. ती समोरच राहते, दिवसातून चार चकरा मारते. पण तिलाही तिचं घर आहे. बाहेरून कुलूप लावून जाऊ का मी त्यांना? एक दिवस लावून पाहिलं. दिवसभर माझ्या हातून एकही व्हाउचर नीट झालं नाही.

अक्काच्या घरात माणसं आहेत. सुना आहेत, नातवंडं आहेत. तिथं बरं होईल त्यांचं.

हे सगळं मला कळतं.

८ फेब्रुवारी

आज ऑफिसात कुणीतरी विचारलं, मिस्टरांना जाऊन किती झाले? मी पाणी प्यायला उठले.

इथं लिहायला काय हरकत आहे. जूनमध्ये हे कंपनीत गेले, दुपारी मशिनवरच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. एक्केचाळीस वय. अग्नी नानांनी दिला. थरथरले नाहीत. आणि चारपाच दिवसांनी जेवताना म्हणाले, "बन्सीचं ताट नाय वाढलं?"

विसरणं आधीपासून थोडं थोडं होतं. चष्मा, किल्ल्या, बाजारातून येताना गल्ली. पण हे एवढं मोठं कसं विसरला माणूस?

मी खरं सांगितलं. नाना रडले — पहिल्यांदा ऐकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत सांगितलं, परत तसेच रडले. असं कितीतरी दिवस. एकदा फहमिदा दारातून बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाभी, रोज रोज कायको मारते उनके बेटे को?"

तेव्हापासून सेकंड शिफ्ट. सेकंड शिफ्टचा माणूस दुपारी जातो आणि नाना झोपल्यावर येतो. सकाळी विचारलं तर ओव्हरटाइमला लवकर गेले. नानांचं समाधान होतं.

माझंही होतं. हे कुणाला सांगता येणार नाही. "आहेत" हा शब्द आता मी दुसरीकडं कुठंच वापरू शकत नाही.

९ फेब्रुवारी

रजा टाकली. कय्युमभाईंना उद्या बोलावलंय.

१० फेब्रुवारी

कय्युमभाई म्हणजे फहमिदाचे मिस्टर. यांचे दोस्त. मोंढ्याजवळ स्पेअर पार्टचं दुकान आहे, हातात कामही आहे. सकाळी पाने घेऊन आले तर नानांनी आधीच चाकाचे नट ढिले करून ठेवलेले. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी नट ढिले करायचे असतात म्हणे. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. काल काय जेवले ते सांगता येणार नाही, पण हे हातात बसलेलं आहे.

पुढची दोन्ही चाकं उचलली. उजवं हातानं फिरवलं तर गरगर फिरलं. डावं जागचं हललं नाही.

"चाचा, पाइप का चोकअप रहेंगा," कय्युमभाई म्हणाले.

"निपल उघड, मग बोल."

चाक काढलं. मागं एक बारकं निपल असतं, ते उघडलं. ब्रेक ऑइलचे चार थेंब पडले. नाना डिस्क फिरवायला गेले. फिरली नाही.

"बघ. प्रेशर गेलं तरी सोडत नाय. पाइपात काय नाय. कॅलिपरच जाम हाय."

मला समजेल असं कय्युमभाईंनी सांगितलं. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या तबकडीला, डिस्कला, चिमटीत धरणारं लोखंड. ब्रेक दाबला की आतला पिस्टन बाहेर येतो, पॅड डिस्कवर दाबतो. पाय काढला की मागं सरकायचा. गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्याला गंज धरतो, मग दाबतो पण सोडत नाही.

पॅड काढले. बाहेरचा बराच शिल्लक, आतला पार पत्र्याला लागलेला. मग पिस्टन काढायचा. पॅडच्या जागी लाकडाचा तुकडा ठेवला आणि नाना मला म्हणाले, "बस आत. पायडल दाब. हळू." दाबत गेले. काही होईना. मग एकदम धप्प — आणि पाय तळाशी. पिस्टन लाकडावर आला होता. अंगावर तांबडे खड्डे पडलेले, रबरी सील फुगलेलं.

नानांनी तो फडक्यानं पुसला, मग हातात घेऊन बघतच बसले. बराच वेळ. कय्युमभाई म्हणाले, "चाचा?"

"ही गाडी कुणाची हाय?" नानांनी विचारलं.

कय्युमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, आपलीच आहे नाना. मग हात धुऊन त्यांना आत नेलं, चहा दिला.

११ फेब्रुवारी

कय्युमभाईंच्या दुकानात झेनचा पिस्टन नाही. पुण्याहून मागवलाय, दोन दिवस लागतील म्हणाले. वाईट तोंड करून सांगत होते बिचारे.

मला बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

अक्काचा फोन. "अजून झाली नाय का गं?" नाही म्हटलं.

नानांना आज वांग्याचं भरीत केलं, भाकरी केली. दोन भाकरी खाल्ल्या. जेवताना विचारलं, मी सांगितलं. "डबा नेला का त्यानं?" नेला म्हटलं. "भरीत दिलं?" दिलं. "त्याला लई आवडतं." हो. असं बोलत बोलत सगळं जेवण झालं. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, भरलं घर आहे.

१३ फेब्रुवारी

सकाळीच पिस्टन आला. सोबत सील, पॅड.

कॅलिपरच्या आतला गंज कय्युमभाईंनी बारीक पॉलिश पेपरनं काढला, ब्रेक ऑइलनं धुतलं. पेट्रोल लावू नको, सील फुगतं, असं नाना तीनतीनदा बजावत होते. नवं सील नानांनी बसवलं. बोटं वाकडी झालीत, पण सील खाचेत बसेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. पिस्टन नुसत्या अंगठ्यानं आत गेला. "असा जायला पाह्यजे," म्हणाले. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांना ग्रीस लावलं, पॅड टाकले.

मग आतली हवा काढायची. निपलला नळी, नळीचं टोक बाटलीत. मी आत बसून ब्रेक मारायचा आणि दाबून धरायचा, नाना निपल उघडून हवा सोडणार, बंद करणार, मग मी पाय सोडायचा. मला आतून नाना दिसत नव्हते, नुसता आवाज यायचा.

"मार. मार. मार. धर."

धरला. बाटलीत बुडबुडे आल्याचा आवाज.

"सोड. मार. मार. धर."

असं चाललं होतं. मध्येच कय्युमभाई ऑइलची बाटली आणायला उठून गेले.

"मार. मार. धर. बन्सी, धर नीट."

माझा पाय पायडलवर होता. सोडला असता तर हवा परत आत गेली असती. म्हणून हलले नाही.

"बन्सी?"

"हं," मी म्हणाले.

"असंच धर. तुझी आई असती तर म्हणली असती, बापलेक दिवसभर गाडीखालीच. आता सोड."

सोडला. पुढची प्रत्येक हाक मी घेतली. हं. धरलाय. हं. आवाज जाड काढायचा प्रयत्न केला, पण त्याची गरज नव्हती. कय्युमभाई परत आले, त्यांनी ऐकलं.  बोनेटखाली वाकून ब्रेकच्या टाकीत ऑइल ओतत राहिले. त्यांचे डोळे मी बघितले नाहीत, माझे त्यांनी बघितले नसावेत.

शेवटी पायडल कडक झालं. नानांनी चाक लावायच्या आधी डिस्क हातानं फिरवून दाखवली. मोकळी.

मी घरात गेले, देवळीसमोरच्या भिंतीला टेकून रडले. मग तोंड धुऊन चहा टाकला तिघांना.

१४ फेब्रुवारी

नाना म्हणाले, चालवून बघितल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाय. म्हणून दौलताबादपर्यंत गेलो, दोघंच. मी सारखी कान लावून होते, काही वास येतो का, ओढते का. पडेगावच्या पुढं रस्ता मोकळा होता, हात किंचित ढिला सोडला. सरळ गेली.

किल्ल्यापाशी झाडाखाली गाडी लावली. नानांनी दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला, आधी उजव्या, मग डाव्या. "सारखं हाय," म्हणाले. सीताफळाचा हंगाम नाही, पेरू घेतले. नाना पेरू खात किल्ल्याकडं बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही. फार चांगली दुपार गेली.

परत आल्यावर अक्काला फोन केला. झाली गाडी.

"मग परवा येतो."

१५ फेब्रुवारी

नानांचे कपडे भरले. दोन धोतरं, तीन सदरे, बंड्या, स्वेटर. वर्कशॉपमध्ये सत्कारात मिळालेली शाल. गोळ्यांच्या पुड्या करून त्यावर सकाळ, रात्र लिहिलं.

यांचा एक शर्ट नानांच्या कपड्यांत सापडला. बाहेर काढला. परत आत ठेवला.

१६ फेब्रुवारी

अक्का न् दाजी सकाळी नानांना घेऊन गेले.

काही हट्ट केला नाही. गुमान पुढच्या सीटवर बसले. अक्का मागं पिशव्या लावत होत्या. मी पाया पडायला खिडकीतून वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं. कुणाला ऐकू जाऊ नये असं, अगदी हळू म्हणाले —

"पोरी, बन्सी गेला ते मला कधी कधी कळतं. कळतं त्या दिवशी बी विचारतो. सेकंड शिफ्टला आहेत म्हणताना तुझं तोंड जरा बरं दिसतं. आता तुला कोण विचारील?"