आमच्या गटाचं बिऱ्हाड

५ ऑक्टोबर २००९

साईट बंद होणार! महिनाअखेर. एहसानच्या नेट कॅफेत बसले होते, तर वर लाल पट्टी — आपले फोटो, मजकूर उतरवून घ्या. आणि माणसं? ती कशी उतरवायची?

आमचा गट बहिऱ्यांचा. भोर, वेल्हे, पार पुण्यापर्यंतचे. ऐकणाऱ्यांना फोन आहे. आम्हाला एवढंच! चौथीत तापात माझे कान गेले, हळूहळू बोलणंही आटलं; पोटभर गप्पा होतात त्या इथंच.

८ ऑक्टोबर

नवी जागा शोधली. एहसाननं मदत केली. माझ्याकडं तोंड करून सावकाश बोलतो, ओठ वाचता येतात. "सुलाताई, जागा झ्याक हाय. पण लोकं येत्याल का?"

११ ऑक्टोबर

येत नाहीत! नवा पासवर्ड कोण पाठ करणार, म्हणे. भोरातलीच हीना, कपडे शिवते, तिनं लिहिलं — 'रिकाम्या घरात जाऊन काय करू?' बरोबरच आहे तिचं. दिवसभर बसून जुने विनोद, लग्नांचे फोटो तिकडं नेले. डोळे चुरचुरतायत.

१४ ऑक्टोबर

हीना आली! आणि काय डोकं लढवलं बाईनं! तिचं लग्न ठरलंय. जुन्या जागी एवढंच टाकलं — 'बातमी आहे, तिकडं या.' झुंबड! एहसान टाळ्या वाजवत होता.

२६ ऑक्टोबर

सगळे आले. ज्ञानू तेवढा राहिला.

तो हिर्डोशीचा. बाजाराला उतरला की कॅफेत बसणार. आता भातकापणी, महिनाभर उतरायचा नाही. मोबाईल नाही. येईल तेव्हा पान उघडणार नाही — त्याला वाटेल, सगळे टाकून गेले.

आई म्हणाली, "येकली कुठं चाललीस? काय नडलंय?" तिला काय सांगू? मला खुणा येतात, तिला नाही.

एस्टीनं गेले. ज्ञानू पाठमोरा कापत होता. हाक मारून उपयोग नाही, ढेकूळ फेकलं! दचकून वळला. हातांनी सगळं सांगितलं.  मग त्याचे हात — 'मला न्यायला? एवढ्या लांब?'

विळा भावाकडं दिला आणि परतीच्या एस्टीत माझ्या शेजारी बसला. कॅफेत एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. गटात नुसता दंगा!

कुणी मागं राहिलं नाही. कुणीही नाही! केलं म्या!

३१ ऑक्टोबर

जुनं पान गेलं. रडू येईल वाटलं होतं. भूक लागली.

३ नोव्हेंबर

एहसाननं कॅमेरा बसवला. हीनानं हातांनी बोलून व्हिडिओ टाकला, मग बघता बघता सगळ्यांनीच! आज गटात एक अक्षर नाही, नुसते हात. आई मला बोलवायला आली होती, ती पडद्यासमोर उभीच राहिली. मग माझी हनुवटी धरून स्वतःकडं वळवली — "मलाबी शिकीव."