‘पाय हललो!’ म्हणून ओरडलो, त्याबद्दल

कोल्हापूर, हॉस्पिटल

सौ. गौरजास,

तुम्ही सगळी बरी असाल असं धरून लिहितोय. फोन केला की माई स्पीकर लावते, म्हणून ही चिठ्ठी कसालच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतोय. एकटीने वाच.

तुझा दीर नीट जेवतो, नर्सबाईंची थट्टाही करतो. पण काल मी फोनवर ‘वासूचो पाय हललो!’ म्हणून ओरडलो, ती माझी घाई झाली. आंब्यावरून पडल्यापासून निपचित पडलेला पाय, डॉक्टरांनी तळव्याला टोचताच झटक्याने मागे आला. मी नाचायचाच बाकी होतो. फोन ठेवला तर मागून वासू हळूच म्हणाला, “दादा, कोणाचो पाय हललो?”

अजून कानात तेच आहे गो.

डॉक्टर म्हणाले, टोचल्याचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि पायाला हुकूम तिथूनच सुटतो. तापल्या तव्यावरून आपला हात मागे येतो, तसाच. मेंदूला खबर नंतर मिळते. वासूची मेंदूपर्यंतची वाटच तुटली आहे. जुळेल का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणे.

माई गोळ्या वेळेवर घेते ना? कालचं ऐकून तिने देवळात गुरवाकडे नारळ दिला असेल, तो राहू दे. देवाला घालायच्या गाऱ्हाण्यात एवढंच वाढवायला सांग: पाय हललो, म्हाराजा, आता तेका कळांदे.

तुझाच,
गुरुप्रसाद