बटण उजवीकडे होतं

सोमवार, ता. १४

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील. वहिनींचा गुडघा जिना चढण्याइतका बरा झाला असेल. माझं ठीक चाललं आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतो. प्लंबर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याच्यासमोर नळ शहाण्यासारखा वागला.

तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी चार ओळी. वहिनींच्या मावशींना आता घरी सांभाळणं जमत नाही, आईला ठेवलं होतं तिथे जागा आहे का बघ, असं तू लिहिलंस. खाली लिहिलंस, ‘आई शांतपणे गेली, त्याचं श्रेय त्या लोकांना.’

उत्तर आधी देते. मावशींना तिथे पाठवू नका.

का, ते सांगायला मला मागे जावं लागेल. तुमच्या घरापर्यंत.

अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा ती सात महिने तुमच्याकडे होती. मी आले ती फॉर्म घेऊनच. एकोणीस वर्षं मी शुश्रूषागृहं तपासते. घरात शिरल्यावर माणसांच्या आधी मला न्हाणीघराची फरशी दिसते. तुझ्या सोफ्यावर बसून मी तुमच्या घराला गुण दिले. तुला आठवत असेल. वहिनी हात पुसत आल्या आणि हसून म्हणाल्या, “काय वन्सं, झालो का पास?”

“एक्केचाळीस,” मी म्हणाले.

“पास व्हायला किती लागतात?” तू विचारलंस.

“साठ.”

“लहानपणापासून पैकीच्या पैकी मिळवत आलीस ना, म्हणून आम्हाला नापास करतेस,” तू म्हणालास. वहिनी हसल्या नाहीत. आत गेल्या. नंतर आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला वाटतं ती भांडी आधीच घासलेली होती.

आईच्या पलंगाला डाव्या बाजूने वहिनींनी स्टीलची वाटी पालथी बांधली होती. दोरीला चमचा. काही हवं असलं की आई वाटी बडवायची. तू वैतागायचास, दिवसातून चाळीस वेळा वाजवते म्हणायचास. वहिनी चाळीस वेळा उठायच्या. फॉर्ममध्ये एक ओळ आहे: रुग्णाने बोलावण्याची सोय. दहा गुण. मी तिथे शून्य लिहिलं. वाटी ही सोय म्हणून आमच्या यादीत नाही.

आईला तिथे हलवायला तू नको म्हणत होतास. वहिनी तर काहीच म्हणत नव्हत्या, आणि त्याचा अर्थ मी मला सोयीचा लावला. मी म्हणाले, “तुमच्या मायेने आईच्या पाठीला जखमा होतील. मी स्वतः तपासलेली जागा आहे. ब्याण्णव गुण.” ते ब्याण्णव मीच दिले होते. तुम्ही दोघं एका तज्ज्ञासमोर काय बोलणार होतात?

आईला तिथे नेलं, खिडकीजवळचा पलंग मिळाला. पलंगाच्या उजवीकडे भिंतीत, मध्याशी जरा वर, पांढरं बटण. मी ते दाबलं. आया धावत आली, बावीस सेकंद. मी आईला म्हणाले, “बघितलंस? दाबलं की माणूस हजर.” आईने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्याजवळ तेव्हा पाच-सहा शब्द उरले होते. त्यातला एक तिने खर्च केला. “वाटी,” ती म्हणाली.

“इथे वाटी लागत नाही, आई,” मी म्हणाले.

मी दर रविवारी जायचे. चादरी स्वच्छ, नखं कापलेली, पाठीला जखम नाही. आई माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, तिला करमत नाही. करमणूक हा आमच्याकडे वेगळा रकाना आहे.

आता ते लिहिते, जे अकरा महिने लिहिलं नाही.

आई झोपेत गेली नाही. दुपारी पलंगावरून पडली. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मला मेट्रनचा फोन आला तेव्हा साडेचार झाले होते, मी पोचले तोवर संपलं होतं. तिला परत पलंगावर ठेवून केस विंचरले होते. मेट्रनच्या टेबलावर नोंदवही उघडी होती आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. त्या दिवसाची ओळ कोरी.

“मॅडम,” ती म्हणाली, “काय लिहू?”

असल्या ओळी पकडण्यात माझं आयुष्य गेलं आहे. शाई कुठे बदलली, ‘झोपेत’ हा शब्द किती ठिकाणी जरा जास्त सुवाच्य आहे, हे मी नवख्या तपासनिसांना शिकवते. पडून मृत्यू झाला असं लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. चौकशीत पहिला प्रश्न, या जागेला ब्याण्णव कुणी दिले. दुसरा, ती बाई मृताची कोण.

मी म्हणाले, “झोपेत.”

तिने लिहिलं. डॉक्टरने लिहिलं, हृदय बंद पडलं. ते शेवटी सगळ्यांचंच पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. वहिनी ओल्या फडक्याने आईचा चेहरा पुसत होत्या. केस मागे सारले आणि थांबल्या. “वन्सं, हे कपाळावर काय?”

“या वयात रक्त साकळतं, वहिनी. तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

त्यांनी फडक्याची घडी केली. केस पुन्हा होते तसे पुढे आणले. तू दारात उभा होतास, आमच्याकडे तुझी पाठ होती.

मी स्वतःची समजूत घातली की आई हट्टी होती. उठून चालायला गेली असेल. कुणाचं ऐकलंय तिने आयुष्यात! मेट्रनलाही मी हेच म्हणाले. तिने मान हलवली, आम्हा दोघींना ते परवडत होतं. हट्टी म्हातारी सगळ्यांच्या सोयीची असते.

गेल्या गुरुवारी त्या जागेची पुन्हा तपासणी होती. नियमाने मी जायला नको होतं. कार्यालयात कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी का गेले, तेही लिहिते. पुन्हा ब्याण्णव द्यायला. दुसरा कुणी गेला असता तर जुनी वही चाळली असती.

आईच्या पलंगावर आता एक कंडक्टरबाई आहेत. बत्तीस वर्षं बसमध्ये घंटीची दोरी ओढली. उजवा हात खांद्यातून वर होत नाही. आई होती तेव्हा त्या शेजारच्या पलंगावर होत्या. खिडकी हवी म्हणून नंतर इकडे आल्या. मला ओळखतात. मी नेहमीप्रमाणे बटण दाबलं, घड्याळ पाहिलं. अठरा सेकंद.

“वा,” बाई म्हणाल्या. “साहेबांची घंटी.”

“म्हणजे?”

“तिकीट तपासायला साहेब चढला की फुकटेसुद्धा दांडा धरून सरळ उभे राहायचे. तो उतरला की पुन्हा पाय पसरून बसायचे. तुम्हाला काय नवीन सांगायचं?”

“तुम्ही वाजवली तर येत नाहीत?”

“वाजवली तर येतील की. वाजवायला आधी हात पोचायला हवा.”

मी एकोणीस वर्षांत न म्हटलेलं वाक्य म्हणाले. “तुम्ही दाबून दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात छातीवरून पलीकडे नेला. कमरेतून वळल्या. खांदा उचलला. पलंगाची कड आली तरी बोटं आणि बटण यांच्यात वीतभर अंतर राहिलं. त्या आणखी सरकल्या आणि मला त्यांना धरावं लागलं.

“अशाच,” बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “तुमच्या आई अशाच वळल्या. पाणी हवं असेल. पेला रिकामा होता सकाळपासून. वळल्या, आणि गेल्या खाली.”

“तुम्ही हाक नाही मारली?”

“मारली ना. पण मी रोजच ओरडते. आणि तीनच्या पुढे यांची ड्यूटी बदलते, सगळ्याजणी खाली सहीला. चहाची गाडी आली तेव्हा दिसल्या त्यांना.”

चहाची गाडी सव्वाचारला येते. फॉर्ममध्ये ती वेळ मीच भरली आहे. ‘वेळेवर’ असा शेरा आहे.

“हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तुम्ही विचारलंत कुठे?” बाई म्हणाल्या. “तुम्ही बटण दाबलंत.”

दादा, फॉर्ममध्ये दोन प्रश्न आहेत. बटण चालते का? माणूस किती सेकंदांत येतो? ते कुणी दाबायचं, हे लिहिलेलं नाही. मी ते दर वेळी उभ्याने दाबलं, माझ्या उजव्या हाताने. आई दर रविवारी माझ्याकडे बघत होती.

मी दोन आयांना बोलावून कंडक्टरबाईंचा पलंग फिरवून घेतला. डोकं पायांकडे, पाय डोक्याकडे. बटण डाव्या हाताशी आलं. बाईंनी दोनदा दाबलं. “जाऊ द्या गाडी,” म्हणाल्या. सगळ्याला मिळून दोन मिनिटं लागली.

मेट्रन माझ्यामागून फाटकापर्यंत आली. “मॅडम, हे लिहिलंत तर माझ्या नोकरीबरोबर तुमचीही जाईल.” मी म्हणाले, “हो.” ती वाईट बाई नाही. तिने मला विचारून लिहिलं होतं.

अहवाल आज सकाळी रजिस्टर पोस्टाने गेला. पहिल्या पानावर नोंदवहीतला तो शब्द आणि तो कुणी सांगितला ते आहे. पोस्टातून घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं तर तू कदाचित जाऊ दे म्हणाला असतास, आणि मी ते लगेच ऐकलं असतं.

तुमच्या घराचा फॉर्म शोधून काढला. शून्य खोडून दहा करणार होते. केले नाहीत. आता दिलेल्या दहा गुणांनी कुणाला पाणी मिळत नाही. तो कागद आहे तसा अहवालाला जोडला आहे.

तुम्हाला जबाबासाठी बोलावतील. कपाळावर काय दिसलं, ते वहिनींना विचारतील. तेव्हा मी समोर बसलेली असेन. त्यांना सांग, माझ्याकडे बघू नका. पाहिलं ते सांगा. त्यांना त्यातलं कळत होतं.

मावशींसाठी जागा बघाल तेव्हा गुण विचारू नका. मावशींना त्या पलंगावर झोपवा आणि तुम्ही दोघं बाहेर जाऊन दार ओढून घ्या. त्यांचं त्यांना कुणाला तरी बोलावू द्या. किती वेळाने कोण येतं ते बघा. कुणी आलं नाही तर त्यांना घरी घेऊन जा.

ती वाटी तुमच्याकडे असेल. मावशींच्या कामी येईल. कुठला हात चालतो ते आधी बघा.

एवढं कळावं म्हणून लिहिलं. लोभ असावा, असं लिहायला आज हात पोचत नाही.

तुझी,
पैकीच्या पैकी