आईला माझे ओठ वाचता येईनात

३ मार्च, सोमवार
बसल्या एकदाच्या तारा! दीड तास आ वासून पडले होते. प्रत्येक दातावर धातूची चकती चिकटवली, त्यांतून तार ओवली, बारीक रबरी कड्यांनी आवळून टाकली. दुखलं मुळीच नाही. म्हटलं, लोक उगाच बोभाटा करतात! तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळी कळेल."
कळलं. केळंसुद्धा चावता येत नाही.
अडतिसाव्या वर्षी हे सोंग! पण करणार काय — दात एकमेकांवर चढलेले, हिरड्यांतून रक्त. "आत्ता नाही केलंत तर पन्नाशीत कवळी," बाईंनी तोंडावर सांगितलं. जागा करायला दोन दाढा गेल्या आठवड्यातच काढल्यात. आता माघार नाही. दोन वर्षं.

४ मार्च
सूप. दूधपाव. पुन्हा सूप.

६ मार्च
गाल आतून सोलून निघालाय. तारेच्या टोचणाऱ्या टोकावर मेणाची गोळी लावायची असते. ती जेवताना पोटात जाते, आणि मी पुन्हा आरशासमोर.
ऑफिसात मी नेमकी चौकशीच्या खिडकीवर! "बाई, जरा स्पष्ट बोला की." दिवसभरात अकरा जण. शेजारचे टायपिस्ट म्हणतात, "हॅलो, तारघर का?" हसले मी. हसताना ओठ तारेत अडकला.

९ मार्च, रविवार
आईचं काय करू?
सहा वर्षांपूर्वी तापात तिचे दोन्ही कान गेले. यंत्राचाही उपयोग नाही. तेव्हापासून ती ओठ वाचते — आणि तेही फक्त माझेच. आरशासमोर शेजारी शेजारी बसून आम्ही सहा महिने घोटलं होतं ते. घरात मी आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवते. पाहुणे समोर बसलेले असताना त्यांच्याच उखाळ्यापाखाळ्या काढतो आम्ही! भाऊ फोनवर बोलतो तेही मीच तिला ओठांनी सांगते. तिला जगाची जी काही खबर आहे ती माझ्या तोंडातून.
आज तीनदा सांगितलं, मावशी येणार आहे. चौथ्यांदा म्हणाली, "ओठ बघ कसे फुगलेत तुझे. काही कळत नाही बाई."
वरचा ओठ पुढे आलाय खरा. आरशात बघून मीच बोलून बघितलं. माझं मलाच वाचता आलं नसतं.

२२ मार्च
गाल बरा झाला. 'स' जमायला लागला. खिडकीवर आज एकानेही "काय?" म्हटलं नाही.
घरी मात्र पहिले पाढे पंचावन्न. मी मुद्दाम तोंड मोठं करून बोलते, तर आई चिडते — "माकडासारखे चाळे करू नकोस."

१ एप्रिल
चिठ्ठ्या लिहायला लागले. तिने पहिलीच चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली. "वाण्याची यादी देतेस का मला? बोलायचं तर बोल."
बोलायचं कसं? अगं, बोलायचं कसं!

७ एप्रिल
आज तार आवळली, खालच्या दातांवरही चकत्या बसल्या. डोकं ठणकतंय. खालचा ओठही आता पुढे. बाई खूश — "छान सरकतायत दात." त्या सरकतायत म्हणाल्या आणि मी आरशात ओठ बघितले.

१९ एप्रिल
सकाळी तिच्या हातात चिठ्ठी दिली : किल्ली समोरच्यांकडे आहे. तिने बघितली, "बरं" म्हणाली. ऑफिसातून आले तर ही बंद दाराबाहेर पायरीवर बसलेली! दुपारी भाजीला गेली होती, ती तीन तास तिथेच. उन्हाने लाल झालेली.
"तू मला सांगितलंच नाहीस."
मी ओरडले. तिला ऐकू येत नाही हे माहीत असून, जिन्यात उभी राहून ओरडले. चिठ्ठी दाखवली. तिने तोंड फिरवलं. हट्ट! मला वाटतं ती माझ्यावर सूड उगवतेय — म्हाताऱ्या आईला सोडून ही दात सरळ करायला गेली म्हणून.
लाज वाटते असं लिहायला. पण वाटतं खरं.

४ मे
भावाचा फोन. तो बोलतोय, मी ओठ हलवतेय, ती बघतेय. मग उठली. "तुम्ही बोला दोघं."
स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. आता ती काही विचारतही नाही. गेल्या वर्षी रविवारी दुपारी आमच्या गप्पा संपायच्या नाहीत. आज चार शब्द झाले. त्यातले तीन तिचे.
ती चौऱ्याहत्तरची आहे. दोन वर्षं कुठून आणू मी?

११ मे, रविवार
तिने स्वतःहून माझी हनुवटी धरली. खिडकीकडे वळवली. "बोल."
"आई," मी म्हटलं. फक्त तेवढंच. जगातला सगळ्यात सोपा शब्द.
ती बघत राहिली. माझे डोळे भरून वाहायला लागले. ती तशीच वाट बघत बसलेली, जणू मी अजून सुरूच केलं नाही.
"नाही गं," म्हणाली शेवटी. "नाही कळत. त्या तारा मेल्या…"
बास. ठरलं माझं.

१२ मे
बाई भडकल्या. "अर्ध्यावर काढल्या तर दाढांच्या फटी तशाच राहतील. सैल झालेले दात वाटेल तिकडे फिरतील. आधीपेक्षा वाईट होईल, कळतंय का तुम्हाला?" कळतंय. "घरी काही अडचण आहे का?" मी म्हटलं, आईशी बोलायचंय. त्यांनी हातमोजे काढले. मग कागद पुढे केला — स्वतःच्या जबाबदारीवर. केली सही.

१४ मे
निघाल्या. पकडीने एकेक चकती, टक, टक. जीभ फिरवली तर दात गुळगुळीत, परक्याचे वाटतात. दोन्हीकडे फटी. कवळी तर कवळी! येईल तेव्हा बघू. ओठ पूर्वीसारखे खाली बसलेत. रस्ताभर नुसते हलवत आले — आई, आई, आई. माणसं वेडी समजली असतील.

१४ मे, संध्याकाळ
खिडकीतल्या उजेडात तिच्यासमोर बसले, हातभर अंतरावर. सगळे दात दाखवून हसले. "काढल्या, आई!"
तिने खूप वेळ बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "कधी काढणार गं त्या तारा?"
तिला दिसत नाहीये.