राजीच्या दगडांची अंघोळ

बुधवार, २ जुलै
सगळ्यात आधी कोण आलं? कडूबाई! मनमाडहून आलेली जीप अजून आमच्या फाटकात वळतीय, तोवर ही शेजारीण पदर खोचून हजर. माझी नात राजनंदिनी — आमची राजी, पुण्यात दगडांचं शिकते — आणि तिच्या विजया मॅडम, महिनाभर लडाखात हिंडून आल्या. कडूबाईला वाटलं, सफरचंदं आणली. सात पिशव्या. उघडल्या तर धोंडे! "एवढ्या लांबून धोंडे? आपल्या बांधावर कमी हायेत व्हय गं?" हसून हसून पोट दुखलं.

राजी म्हणते, आजी, हे डोंगरात सापडले, पण आहेत समुद्राच्या तळाचे. आपला देश सरकत सरकत वर उत्तरेला गेला, पलीकडच्या जमिनीला भिडला. मधला समुद्र मिटला. तळ बहुतेक खाली गेला, थोडा चिमटीत सापडून डोंगरावर चढला. मला काही पटेना. मग तिनं दोन गोधड्या एकमेकींवर रेटल्या. मधली चादर बरीचशी खाली दडपली, एक घडी वर आली! पटलं. काय सांगते पोरगी! नाकाची साल गेलीय उन्हानं, तिला पत्ता नाही.

मासवड्या केल्या. मॅडम नाव ऐकूनच मागं सरकल्या. म्हणलं, अहो बेसन असतं! तुमच्या दगडांपेक्षा मऊ आहे.

गुरुवार, ३ जुलै
दोघी संगमनेरला कॉलेजात गेल्या. म्हणलं, पोरीला जरा मदत करू. सगळ्या दगडांवर काळे आकडे खरडलेले! करोनातलं सॅनिटायझर उरलं होतं. फडक्यावर घेतलं, चटकन निघाले. पिशव्यांवरही शाई. त्याही घासून वाळत टाकल्या. एक दगड साबणासारखा निसरडा, एक लालबुंद. दोन काळपट हिरवे, अगदी जुळे. त्यातला एक हातातून सटकला, निळ्या बादलीला चीर पाडली मेल्यानं. सगळे ओट्यावर मांडले. देव उजळल्यासारखे दिसत होते!

राजी आली, एकेक दगड उचलून आकडा शोधू लागली. आकडे तिनंच घातलेले. कुठला दगड कुठल्या कड्याचा, ते त्या आकड्यावरनंच कळतं. वर्षभराचा अभ्यास! "आजी, काय केलंस गं तू!" एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ४ जुलै
राजी जेवली नाही. मीही नाही.

शनिवार, ५ जुलै
मोबाईलमधल्या फोटोंवरून पाच जुळले. जुळे मात्र अडले. एक तीन नंबरचा, एक सात, पण कोण कुठला? मॅडम म्हणाल्या, चुकीचा आकडा घालण्यापेक्षा दोन्ही सोडून देऊ. नेमके तेच राजीला हवे होते.

मी दारातनंच म्हणलं, "बादलीत पडला तो सातचा हुता."

"आजी, नक्की?"

कसं सांगावं! राजी सातव्या महिन्यात झालेली. मुठीएवढी. तो आकडा पुसताना तेच आठवलं, म्हणून तर हात सैल सुटला. सांगितलं तसंच. राजीनं दोन्ही दगड उलटेपालटे करून पाहिले. एकावर निळी रेघ! बादलीची!

मॅडम हसल्या नाहीत. "आजी, मागच्या वर्षी त्या सातच्या कड्याचा तुकडा आणलाय, पुण्यात आहे. काप काढून ताडून बघू. तोवर आम्ही काही धरून चालत नाही."

बरोबर आहे त्यांचं.

रविवार, ६ जुलै
गेल्या. राजी पाया पडली नि जीपमध्ये जाऊन बसली. कडूबाई म्हणते, "पोरीचं तोंड का उतरलंय गं?" म्हणलं, उन्हानं.

शुक्रवार, ११ जुलै
फोन नाही.

गुरुवार, १७ जुलै
राजीचा फोन! सातचाच निघाला! फोनवर रडत होती, वेडी.

पुढल्या गुरुवारी, चोवीसला, दोघी येणार. मला लडाखला न्यायला, तो सातचा कडा दाखवायला! म्हणलं, अगं अमावास्या आहे. "आजी, तिकीट काढलंय!" डॉक्टरला दाखवून ठेव म्हणाली, उंचावर दम लागतो.

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आता आधी तळच बघायचा!