टॉवेलचा खिळा

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघे ठीक. सलूनमध्ये आज गर्दी नाही, तरी हे पत्र टाकून मी चारदा उठलोय. एकदा गिऱ्हाईक आलं होतं. बाकी तीनदा उगाच.

मनोरुग्णांच्या संस्थेचा फॉर्म मिळाला. आपल्या धाकट्याला तिथे ठेवायचं तर शुक्रवारपर्यंत माझी सही हवी. मीच तुला लिहिलं होतं ना, त्याला आता काही वाटतच नाही, कुठेही ठेवला तरी सारखंच? तेव्हापासून मला चैन नाही.

तो दिवसभर दुसऱ्या खुर्चीत बसून असतो. आठवतं ना, पूर्वी याच खुर्चीतल्या गिऱ्हाइकांचं बोलून बोलून डोकं खायचा. गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज गेले, तेव्हा वाटलं, सुटलो. आता आंघोळीलाही दहादा सांगावं लागतं. मी त्याला चारचौघांत ऐतखाऊ म्हणायचो. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आळस नाही, हाही आजारच आहे. चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे आत काही नाही, असं धरून चालू नका. त्याला विचारा आणि थांबा. तुम्हीच उत्तर देऊन मोकळे होऊ नका."

पुन्हा उठलो होतो. वस्तऱ्यांना धार लावून आलो.

एक सांगायचं राहिलंय. राहिलं कसलं, टाळलंय. गेल्या महिन्यात मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याचा चेहरा जराही हलला नाही. दुसऱ्याच दिवशी मी तुला ते पत्र लिहिलं.

काल खिळ्यावरचा टॉवेल काढायला हात वर केला आणि आरशात तो दिसला. चेहरा तसाच, पण डोळे घट्ट मिटलेले. मग मुद्दाम बघत राहिलो. मी हात वर केला की दर वेळी मिटतो. मला माझीच लाज वाटली, ताई.

दुकान रिकामं झाल्यावर त्याला विचारलं, "इथेच राहायचंय का तुला?" आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो. समोरचा चहा गार झाला.

"हो," म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "दादा, खिळा खाली ठोक."

आज सकाळी खिळा कमरेइतका खाली घेतला. टॉवेल फरशीला टेकतो, गिऱ्हाइकं हसतात.

फॉर्म कोराच परत पाठवतोय. माझं मागचं पत्र फाडून टाक.

तुझा,
हात खाली ठेवायला शिकणारा भाऊ